रानडुकराने नक्की किती खाल्लं?

डोंगरउतारावरच्या मक्याच्या शेतात एक संशोधक उकिडवी बसली आहे. पुढ्यात एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट. चौकटीतली ताटं ती एकेक करून मोजते: उभी किती, मोडलेली किती, शाबूत कणसं किती, अर्धवट खाल्लेली किती. शेतकरी बांधावर उभा आहे. त्याने आल्याआल्याच सांगून टाकलंय, "डुकरांनी सगळं खाल्लं." हिच्या वहीत 'सगळं' लिहायला रकाना नाही. तिथे आकडा लागतो. या चौकटीचा, मग पुढच्या चौकटीचा, मग शेजारच्या वावराचा. असे निदान दोन-तीन हंगाम.

चौकट कुठे टाकायची हेसुद्धा तिच्या मर्जीवर नाही. मर्जीवर सोडलं तर पाय आपोआप जिथे जास्त नासधूस दिसते तिकडे वळतात. शेतकरीही हौसेने तिथेच नेतो. मग सगळ्या शेताचा हिशेब त्या एका उद्ध्वस्त कोपऱ्यावरून होतो. म्हणून जागा आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवलेली असते. कधी चौकट अशा ठिकाणी पडते की तिथे एक पानही कुरतडलेलं नसतं. ते शून्यही इमानदारीने लिहावं लागतं, आणि त्या वेळी बांधावरच्या माणसाच्या नजरेला नजर देणं अवघड जातं.

डोंगराळ भागातली शेती आणि वन्यप्राणी यांच्यातल्या संघर्षावर पीएचडी करणं म्हणजे बराचसा काळ हेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कॅमेऱ्यात बिबटे टिपायचे, रात्री मचाणावर बसायचं. तेही असतं. पण प्रबंधाचा पाया या मोजदादीवर उभा राहतो, कारण नुकसान किती आणि कोणी केलं हे नीट कळल्याशिवाय पुढचा कुठलाच प्रश्न धड विचारता येत नाही.

कोणी केलं, हे ओळखणं ही एक वेगळीच विद्या आहे. रानडुक्कर येतं ते कळपाने; ताटं आडवी पडतात, माती नांगरल्यासारखी उकरलेली दिसते. माकड कणीस सोलतं, दोन घास खातं, टाकतं आणि दुसरं तोडतं, त्यामुळे बांधाखाली अर्धवट कणसांचा खच पडतो. साळिंदर ताट बुडापाशी कुरतडतं आणि कंद उकरून खातं. अस्वल मक्यात मधोमध बसून घेतं, आजूबाजूची ताटं ओढून खातं, आणि ते उठून गेल्यावर शेतात चेपलेलं एक गोल खळं उरतं. मेलेलं जनावर असेल तर तपासणी आणखी बारकाईची. मार्जारकुळातला शिकारी बहुधा गळा धरतो, लांडगे आणि कुत्री मागच्या पायांना, कुशीला चावतात. सगळ्यात महत्त्वाची खूण कातडीखाली असते. दातांच्या जखमेभोवती रक्त साकळलेलं असेल तर चावा घेतला तेव्हा जनावर जिवंत होतं. ते नसेल तर जनावर आधीच आजाराने किंवा कड्यावरून पडून मेलं आणि शिकारी नंतर जेवायला आला. हा फरक कागदावर फार मोठा होतो, कारण पहिल्या प्रकारात भरपाई मिळते, दुसऱ्यात नाही.

आता 'संघर्ष' या शब्दाकडे येऊ. या शब्दावर अभ्यासकांमध्ये बरीच वादावादी झाली आहे, आणि ती नुसती शब्दांची नाही. डुक्कर काही माणसाशी भांडण काढायला येत नाही. त्याला मका दिसतो, एवढंच. भांडण होतं ते नंतर, आणि माणसामाणसांत: शेतकरी आणि वनखातं, मेंढपाळ आणि शहरातले प्राणीप्रेमी, ज्याचं शेत रानाला लागून आहे तो आणि ज्याचं गावाच्या मध्यात आहे तो. म्हणून 'नुकसान' आणि 'वाद' या दोन गोष्टी वेगळ्या धरा, असं आता बरेच संशोधक सांगतात. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्या व्याख्येतही हे दोन्ही आहे. प्राण्यांपासूनचा धोका प्रत्यक्ष असो की लोकांना वाटणारा, तो त्यात धरला आहे, आणि त्यावरून लोकांच्या गटागटांत होणारे मतभेदही. नुकसान कुंपणाने कमी होतं. वाद कुंपणाने मिटेलच असं नाही.

पण मग डोंगरच का वेगळा? सपाटीवर प्राणी पीक खात नाहीत का? खातात, भरपूर खातात. डोंगरात मात्र शेताचा आकारच शेतकऱ्याच्या विरोधात जातो. एक साधं गणित करून बघा. एक हेक्टरचं चौकोनी शेत घेतलं तर त्याची कड ४०० मीटर. तेवढीच जमीन डोंगरात दहा तुकड्यांत, दहा ठिकाणी विखुरलेली असते. प्रत्येक तुकडा हजार चौरस मीटरचा, त्याची कड साधारण १२६ मीटर. दहा तुकड्यांची मिळून झाली १,२६० मीटरच्या वर. जमीन तेवढीच, पण राखायची हद्द तिपटीहून जास्त. त्यातून हे तुकडे एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या चढावर असतील तर एक माणूस एका रात्रीत एकाच तुकड्याची राखण करू शकतो. उरलेले नऊ त्या रात्री उघडे.

त्यात माणसं कमी होत चालली आहेत. हिमालयापासून आल्प्सपर्यंत कितीतरी डोंगराळ गावांतून तरुण खाली उतरले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कारणं रास्तच आहेत. पण एका घराने शेत सोडलं की ते पडीक पडतं. दोन-चार वर्षांत झुडपं माजतात, आणि रानडुकराला दिवसा लपायला गावातच जागा मिळते. कालपर्यंत ज्याचं शेत मधोमध, चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या शेतांनी वेढलेलं होतं, त्याचं शेत आता रानाच्या कडेला आलं. शेत तिथेच होतं, कडच सरकत आली. मग त्याचं नुकसान वाढतं, तोही कंटाळून शेती सोडतो, आणि कड आणखी एक बांध आत येते. उत्तराखंडच्या ओस पडत चाललेल्या गावांबद्दल बोलताना लोक म्हणतात, माकडांमुळे आणि डुकरांमुळे शेती सुटली. तर कोणी म्हणतं, शेती सुटली म्हणून माकडं-डुकरं वाढली. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, आणि नेमकी इथेच संशोधकाची पंचाईत होते. एका वर्षाच्या पाहणीत या चक्राचा फक्त एक क्षण दिसतो. कुठून सुरुवात झाली ते दिसत नाही.

आता मोजणीचा दुसरा सापळा बघू: सरासरी. समजा शंभर घरांचं गाव आहे आणि पाहणीत निघालं की पिकाचं सरासरी नुकसान पाच टक्के. अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटेल, पाच टक्के म्हणजे काय, एवढं तर उंदीर खातात. पण हे पाच टक्के शंभर घरांत सारखे वाटलेले नसतात. नव्वद घरांचं जवळजवळ काहीच गेलेलं नसतं आणि रानाच्या बाजूच्या दहा घरांचं अर्धं पीक गेलेलं असतं. सरासरी खोटी नसते, पण तिच्यात त्या दहा घरांचा चेहरा पुसला जातो. म्हणून चांगला संशोधक सरासरीबरोबर नुकसानीची वाटणीही मांडतो. परीक्षकाने प्रबंधात हे पान आधी उघडावं, असं मला वाटतं.

पशुधनाच्या बाबतीत याचं जुनं आणि बोलकं उदाहरण स्पितीचं आहे. हिमाचल प्रदेशातलं हे उंचावरचं थंड वाळवंट, हिमबिबट्याचा मुलूख. चारुदत्त मिश्रा यांनी १९९० च्या दशकात किब्बर अभयारण्याच्या परिसरातल्या १६ गावांत विचारपूस केली. लोकांनी सांगितलं की दीड वर्षात १८ टक्के जनावरं हिमबिबट्याने आणि लांडग्याने मारली. एका घरामागे वर्षाला साधारण १२८ डॉलरचं नुकसान, आणि सरकारी भरपाई मिळाली ती या सांगितलेल्या नुकसानीच्या फक्त तीन टक्के. मिश्रा यांनी पुढे याच विषयावर, उंचावरची पशुपालक वस्ती आणि वन्यप्राणी यांच्यावर, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात २००१ मध्ये पीएचडी पूर्ण केली.

तीन टक्के ऐकून पहिला विचार येतो भ्रष्टाचाराचा. तसं असेलही कुठे. पण भरपाईच्या रचनेतच अडचणी असतात. जनावर मरतं वरच्या कुरणात, तिथून कचेरी एक-दोन दिवसांच्या वाटेवर. पंचनामा व्हायला माणूस यावा लागतो, तोवर गिधाडांनी पुरावा संपवलेला असतो. मग अर्ज, फोटो, दाखले, हेलपाटे. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरली तर कित्येकदा न मागितलेलीच बरी, असा हिशेब निघतो. आणि जे मागितलंच नाही त्याची नोंद कुठेच होत नाही. सरकारी आकडेवारीवरून नुकसान मोजायला निघालेल्या विद्यार्थ्याला कोणताही बरा गाईड पहिल्याच बैठकीत हे सांगतो: नोंदी नुकसानीच्या नसतात, अर्जांच्या असतात.

काही नुकसान तर कुठल्याच अर्जात मावत नाही. रात्रभर राखण करून सकाळी शाळेत पेंगणारं पोर, थंडीत शेताच्या कडेला झोपून जडलेला आजार, भीतीने संध्याकाळचं बाहेर पडणं बंद. उत्तराखंडमध्ये राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या भागात मोनिका ओग्रा यांनी केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हा न दिसणारा बोजा बायकांवर जास्त पडतो. कामाचे वाढलेले तास, अन्नाची ओढाताण, मनावरचा ताण. घरोघरी जाऊन फक्त कुटुंबप्रमुखाला प्रश्न विचारले तर यातलं काही हाती लागणार नाही, कारण तो आकडा सांगतो क्विंटलचा. झोपेचा हिशेब चुलीपाशी बसून विचारावा लागतो.

इथे लोकांच्या सांगण्यावर किती विसंबायचं हा प्रश्न येतो. शहरातून आलेल्या पोरांचा एक आवडता समज असतो की शेतकरी वाढवून सांगतो. कधी सांगतो, भरपाईची आशा असेल तर कोण नाही सांगणार? पण बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते: माणसाच्या आठवणीत धक्का राहतो, सरासरी राहत नाही. वर्षभरात पाच मेंढ्या आजाराने मेल्या आणि एका रात्री लांडग्याने दोन नेल्या, तर दहा वर्षांनी आठवते ती लांडग्याची रात्र.

हे तपासण्यासाठी कुलभूषण सूर्यवंशी आणि सहकाऱ्यांनी स्पितीच्या वरच्या भागात, सुमारे ४,००० चौरस किलोमीटरच्या टापूतल्या सगळ्या २५ गावांत लोकांना धोक्याबद्दल विचारलं, आणि दुसरीकडे दोन वर्षं खरोखर किती जनावरं मेली याची गावोगाव नोंद ठेवली. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. त्या जुळल्या नाहीत. लोकांना हिमबिबट्याची भीती किती वाटते हे मुख्यतः त्या गावात मोकाट चरणारे याक आणि घोडे किती, यावर ठरत होतं. महागडं जनावर, म्हणून मोठी धास्ती. प्रत्यक्ष बळी मात्र ठरत होते हिमबिबटे किती आणि रानातलं त्यांचं भक्ष्य किती यावर. शिवाय २०१३ मध्ये छापून आलेल्या या निष्कर्षांनी एक लाडका समजही मोडला. रानात भरल आणि आयबेक्स, म्हणजे डोंगरातली रानटी मेंढ्या-बकऱ्यांसारखी जनावरं, भरपूर असली की हिमबिबट्या गावातल्या जनावरांकडे बघणार नाही, असं आपल्याला सहज वाटतं. झालं उलटं. भक्ष्य जास्त तिथे शिकारी जास्त, आणि शिकारी जास्त तिथे गावातल्या जनावरांवरही हल्ले जास्त.

अशी उलटी उत्तरं येतात म्हणूनच उपायांचीही परीक्षा घ्यावी लागते, आणि ती फार थोडे लोक घेतात. दिवे लावले, हल्ले थांबले, म्हणजे दिव्यांनी थांबले का? कदाचित शिकारी तसाही पलीकडच्या खोऱ्यात गेला असेल. याची नीट परीक्षा चिलीतल्या अँडीज पर्वतातल्या पठारावर झाली. तिथे लामा आणि अल्पाका ही उंटाच्या कुळातली जनावरं पाळतात, आणि प्यूमा हा मार्जारकुळातला मोठा शिकारी ती मारतो. ओमार ओरेन्स आणि सहकाऱ्यांनी काही कळपांपाशी रात्री लुकलुकणारे दिवे लावले, काहींपाशी लावले नाहीत. मग अर्ध्या वाटेवर अदलाबदल: ज्यांच्याकडे दिवे होते त्यांचे काढले, नव्हते त्यांना दिले. त्यामुळे प्रत्येक कळपाची तुलना दुसऱ्याशीही झाली आणि स्वतःशीही. दिवे होते तिथे प्यूमाने एकही जनावर मारलं नाही. कोल्ह्यांवर मात्र काडीचा परिणाम झाला नाही. 'दिवे चालतात' किंवा 'दिवे चालत नाहीत' असं लिहून मोकळं होता आलं नाही. कोणत्या प्राण्यासाठी, हे लिहावं लागलं. यात मेंढपाळांना पटवण्याचा भाग सगळ्यात कठीण असणार. ज्याचे दिवे लागू पडलेत त्याला 'आता काढा, तुलनेसाठी हवंय' म्हणायचं म्हणजे जिभेवर साखरच हवी.

काही उपाय साधे आणि सिद्ध आहेत. लडाखमध्ये हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या वाड्यात उतरला तर एक मारून थांबत नाही. बंद जागेत घाबरून पळणाऱ्या मेंढ्या त्याच्या अंगातली शिकारीची कळ पुन्हा पुन्हा दाबतात, आणि सकाळी मालकाला सगळा वाडाच मेलेला सापडतो. वाड्यावर तारेच्या जाळीचं छप्पर आणि घट्ट बसणारं दार, एवढ्याने हा प्रकार टळतो. कुरणातली शिकार त्याने थांबत नाही, पण एका रात्रीत भिकेला लावणारी ती घटना टळते.

भिंती आणि कुंपणांचं तसं सरळ नाही. रवांडातल्या ज्वालामुखींच्या उतारावर, माउंटन गोरिलांच्या उद्यानाच्या कडेने ७० किलोमीटरहून लांब दगडी भिंत आहे, मुख्यतः रानरेडे शेतात येऊ नयेत म्हणून. गोरिलाला ती ओलांडणं अवघड नाही. युगांडात ब्विंडीच्या जंगलाच्या कडेला गोरिलांना न आवडणारा चहा पट्ट्यापट्ट्याने लावून पाहिला गेला. अशा ठिकाणी नेहमीचा प्रश्न हा की नुकसान थांबलं की शेजाऱ्याकडे सरकलं. एका गावाला सौरकुंपण मिळालं की कळप कुंपणाच्या टोकापर्यंत चालत जातो आणि पुढच्या गावात शिरतो. फक्त कुंपणाच्या आतलं मोजलं तर प्रयोग यशस्वी ठरतो.

रवांडाने पैशाची वाटही काढली. उद्यानांच्या पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा २००५ पासून भोवतालच्या लोकांसाठी ठेवला, २०१७ मध्ये तो दहा टक्के केला. गोरिलांची संख्या आता हजाराच्या वर गेली आहे, हे संवर्धनाचं मोठं यश. पण त्या यशाच्या मानाने त्यांना राहायला जमीन वाढलेली नाही.

युरोपात हाच पेच लांडग्याच्या रूपात उभा आहे. फ्रान्समधून लांडगा संपला होता. १९९२ मध्ये तो इटलीच्या बाजूने आपल्या पायांनी चालत मर्कांतूरच्या डोंगरांत परतला. मधल्या काळात मेंढपाळांच्या दोन-तीन पिढ्या लांडग्याशिवाय वाढल्या होत्या. राखणदार कुत्री, रात्री कळप बंद करण्याची सवय, सोबतीला माणूस ठेवणं, सगळं मोडीत निघालं होतं. प्राणी परत आला, पण त्याच्याबरोबर जगायची रीत आपोआप परत आली नाही. पुढे तीस वर्षं मेंढपाळ आणि संवर्धनवादी भांडत राहिले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीवांच्या संरक्षणासाठी असलेल्या बर्न करारातला लांडग्याचा दर्जा 'कडक संरक्षित'वरून 'संरक्षित' असा एक पायरी खाली आणायचा निर्णय झाला. मार्च २०२५ पासून तो लागू आहे. भारतातही २०१६ मध्ये केंद्राने उत्तराखंडच्या काही भागांत रानडुकराला आणि शिमल्यात माकडाला ठरावीक मुदतीसाठी 'उपद्रवी' जाहीर केलं होतं. कागदावर मारायची परवानगी मिळाली म्हणून माणूस माकडावर बंदूक उचलतोच असं नाही, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यात पीएचडीवाल्याचं काय होतं? पहिलं वर्ष परवानग्यांत आणि वाटा पाठ करण्यात जातं. हिवाळ्यात खिंडी बंद, म्हणजे वर्षाचे कामाचे महिने मोजकेच. एक हंगाम म्हणजे एक नोंद; त्या वर्षी पाऊस लांबला तर तुलना करायला दुसरा हंगाम लागतो. कड्यांवरचे भरल मोजायला दोन माणसं थोड्या अंतराने त्याच वाटेने जातात, वेगवेगळी मोजतात, आणि कोणाला कोणते कळप दिसले-सुटले यावरून खरी संख्या काढतात. एकट्याने जमत नाही. त्यातून प्राणिशास्त्राच्या विभागाला वाटतं यात मुलाखतीच फार, आणि समाजशास्त्राच्या विभागाला वाटतं यात विष्ठाच फार. दोन्हीकडून बोलणी खात प्रबंध पुरा होतो.

स्पितीतल्या किब्बरला १९९८ मध्ये गावाने सुमारे पाच चौरस किलोमीटर कुरण चराईसाठी बंद केलं, मोबदला घेऊन. भरल वाढावेत हा हेतू. आता वरचा २०१३ चा निष्कर्ष आठवा: भरल वाढले की हिमबिबटे वाढणार, आणि झळ गावाच्याच जनावरांना. म्हणजे नुसतं कुरण राखणं हा गावासाठी तोट्याचा सौदा झाला असता. पण २००२ मध्येच तिथे जनावरांचा विमा सुरू झाला होता, आणि तो चालवते गावाचीच समिती. मालक आपल्या जनावरामागे हप्ता भरतो, संवर्धनाचं काम करणारी संस्था त्यात भर घालते. याक मेला की खाली कचेरीत अर्ज जात नाही. समितीतला माणूस त्याच दिवशी कुरणात चढतो. याकचा गळा बघतो, कातडीखाली रक्त साकळलंय का ते बघतो. निधीत त्याचेही पैसे आहेत, त्यामुळे तो वरवर बघत नाही. आणि ज्याचा याक गेला तो त्याचा शेजारी आहे, त्यामुळे तो 'उद्या या' म्हणत नाही.